माथेरानच्या बंद हॉटेलात एफ.वाय.

इंग्रजीत मी पास झालो आणि अर्थशास्त्र, राज्यशास्त्रात नापास. हे उलटं झालं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. इंग्रजी मी गाइडातून पाठ केलं होतं; कळलं ते कळलं, बाकीचं जसंच्या तसं ओतून आलो. पण अर्थशास्त्र? राज्यशास्त्र? अरे, त्याच विषयांवर मी कर्जतच्या बाजारात स्टुलावर उभा राहून घसा फोडत होतो. माझी पत्रकं तालुक्यातल्या कितीतरी घरांत भिंतीला चिकटलेली होती. कुडाची भोकं बुजवायला का असेना, पण होती. ज्या दोन विषयांसाठी तालुका मला ओळखतो, त्याच दोन विषयांत विद्यापीठ मला दारात उभं करत नाही, हा कट नाही तर दुसरं काय?

तेव्हा मी असाच विचार करायचो. आता थोडा वेगळा करतो, पण फार वेगळा नाही.

आणीबाणी नुकती उठली होती. पत्रक छापायला पुन्हा कुणाला विचारावं लागत नव्हतं आणि आम्ही ती कसर भरून काढत होतो. मी माथेरानच्या एका हॉटेलात रूमबॉय होतो. गाद्या घालायच्या, बंबातलं गरम पाणी बादल्यांनी खोल्यांत पोचवायचं, गिऱ्हाइकांची बिस्किटं माकडांपासून वाचवायची. घर कडावला, भाताची शेती. बारावी मी रोज लांब जाऊन-येऊन काढली. पुढे कॉलेज म्हणजे अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं, वर नोकरी सोडायची. कॉलेज आमच्या आवाक्यात आणण्याची कुणाला घाई नव्हती. ह्यावरही माझं एक पत्रक आहे.

म्हणून मी बाहेरून, म्हणजे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून, बसलो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विद्यापीठाकडे नाव घालायचं, अभ्यासक्रमाचं एक चोपडं मिळतं, आणि तिथून परीक्षेपर्यंत तुमचा-त्यांचा संबंध संपला. कुणी शिकवत नाही, कुणी वही तपासत नाही, तुम्ही मेलात की जगलात कुणी विचारत नाही. वर्षाच्या शेवटी केंद्रावर जाऊन बसायचं आणि आपल्याला येतं हे कागदावर दाखवायचं. दाखवलंत तर कॉलेजात जाणाऱ्याला जी डिग्री तीच तुम्हाला. माथेरानच्या घोडेवाल्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाहेरून मंजे कुठून रं? खिडकीतून?"

मला वकील व्हायचं होतं. कारण साधं आहे. जून आला की माथेरानची हॉटेलं बंद होतात. छोटी गाडी थांबते, वाटा चिखलाने भरतात, गिऱ्हाईक नाही. तेव्हा आम्हा सगळ्यांना कामावरून कमी करायचे आणि दिवाळीला पुन्हा घ्यायचे, पण नव्याने. जणू काल डोंगर चढून आलोय. आमचा आचारी, माझ्या वडलांच्या वयाचा माणूस, दर दिवाळीला नवा नोकर व्हायचा. त्याच्यासाठी भांडायला शहरातला वकील डोंगर चढत नव्हता. मग आपणच व्हावं. वकिलीला आधी बी.ए., बी.ए.ला आधी एफ.वाय.

आणि एफ.वाय. दोन विषयांत अडकलं. नियम असा की राहिलेले विषय ऑक्टोबरात सोडवायचे. तेव्हाही सुटले नाहीत तर पास झालेलेसुद्धा पाण्यात, येत्या एप्रिलला सगळं पहिल्यापासून. एप्रिल म्हणजे माथेरानचा ऐन सीझन. त्या वर्षी रजा मिळवताना माझी आणि मॅनेजरची जी झटापट झाली ती सगळ्या हॉटेलाने ऐकली होती, आणि शेवटी त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "ह्या वेळी सोडलं. पुन्हा सीझनमध्ये रजा मागितलीस तर कायमचीच देईन." म्हणजे ऑक्टोबरात पास, नाहीतर नोकरी तरी सोडा नाहीतर बी.ए. तरी. पुढच्या वर्गांचे एप्रिल मी तेव्हा डोक्यातच घेतले नव्हते.

मॅनेजर कोकणी मुसलमान, घर खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला. माथेरानवरून उतरलं की पायथ्याला. उंच, किडकिडीत, कायम छत्री हातात, ऊन असो वा पाऊस. मला ते 'पुढारी' म्हणायचे. नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. माझ्या निम्म्या पत्रकांत 'मालकांचे दलाल' असा त्यांचा उल्लेख होता.

पावसाळ्यात बंद हॉटेल राखायला एक माणूस ठेवतात. ते काम कुणाला नको असतं. सगळ्यांना खाली जाऊन लावणी करायची असते, घरच्यांना भेटायचं असतं. मी ते मागून घेतलं. चार भिंती, कुणी हाक मारणार नाही, अभ्यासच अभ्यास. आचारी खाली उतरताना म्हणाला, "तू आन् तो, दोगंच? दिवाळीला येऊ तवा एकच शिल्लक ऱ्हाईल." मॅनेजरही कौलं आणि दुरुस्त्या बघायला पावसाळाभर वरच असत, फक्त शुक्रवारी नमाजाला घरी जात आणि शनिवारी येत. माझी मागणी त्यांनी लगेच मान्य केली. "बरंय. पुढारी डोळ्यांसमोर असलेला बरा."

बंद हॉटेलातलं खरं काम म्हणजे गाद्या. माथेरानच्या पावसात ढग खोलीत येऊन बसतो. गादी आठवडाभर हलवली नाही तर तिच्यावर हिरवी बुरशी धरते. म्हणून सगळ्या गाद्या जेवणाच्या हॉलमध्ये रचायच्या, मधोमध कोळशाच्या शेगड्या ठेवायच्या, आणि रोज खालची वर, वरची खाली, अशी रास फिरवायची. पुस्तकंही मी गाद्यांच्या मध्येच ठेवायचो. तिथेच ती कोरडी राहत. अर्थशास्त्राचं पुस्तक शोधायला कधी कधी अर्धी रास उपसावी लागे. सगळ्या खोलीला कापूस, धूर आणि ओल्या लाकडाचा वास. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो.

निकाल कळला तेव्हा पहिल्या आठवड्यात मी एकच काम केलं. विद्यापीठाविरुद्ध पत्रक लिहिलं. मथळा: 'बहिःस्थांवर अन्याय, जाब द्या!' ते मी हॉलमध्ये मोठ्याने वाचून बघत होतो, कारण पत्रक कानालाही पटलं पाहिजे. मॅनेजर दारात छत्री झटकत उभे होते. मला दिसलेच नाहीत.

"वाच, वाच," ते म्हणाले. "थांबलास कशाला? ह्या वेळी मी नाही का त्यात?"

"तुमचा संबंध नाही."

"चला, कुणीतरी दुसरा सापडला तुला." ते येऊन गाद्यांच्या राशीवर बसले. "पण मला सांग पुढारी, तू पेपरात लिहिलंस काय?"

मला उत्तरं पाठ होती. अन्यायाचा पुरावा म्हणून मी ती जपली होती. सांगितली. अर्थशास्त्रात प्रश्न होता, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे गुणदोष सांगा. मी लिहिलं होतं की मोठा कारखाना म्हणजे माणसाला यंत्राचा नट-बोल्ट करणं, लहान कारागिराच्या पोटावर पाय, मूठभरांच्या घशात सगळा नफा. शेवट केला होता, 'हे किती दिवस सहन करायचं?' राज्यशास्त्रात होतं, द्विगृही विधिमंडळाचे गुणदोष. मी लिहिलं, दुसरं सभागृह म्हणजे निवडणुकीत पडलेल्या बड्या लोकांची सोय. ते बरखास्त झालंच पाहिजे.

बोलता बोलता माझा आवाज चढला होता. मॅनेजर खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं पटतंय. पण त्यांचे खांदे हलत होते.

"हसताय काय?"

"दोष झाले. गुण कुठायत?"

"कसले गुण? त्यात गुण नाहीतच."

"ते तू ठरवलंस. प्रश्नात विचारलंय ना? मग गुण कोण लिहिणार, मी?" ते आता उघडच हसत होते. "अरे, तुझी सगळी पत्रकं वाचलीत मी. एकातही माझी बाजू नाही. मला वाटायचं, हा मुद्दाम लिहीत नाही. आज कळलं, तुला ती माहीतच नाही!"

आता हे मला कुणी शिकवलं ते सांगायला हवं. कर्जतच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक कार्यकर्ता होता. पत्रक कसं लिहायचं ते मला त्याने शिकवलं. वाक्य छोटं. पहिल्या ओळीत शिवी नको, सवाल हवा. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तो तोंडात विडी धरून, खिळे वेचता वेचता पुन्हा पुन्हा सांगायचा: "समोरच्याचं म्हणणं त्याच्या तोंडात राहू दे. आपल्या शाईवर त्याचा हक्क नाय." चळवळीसाठी नियम चांगला होता. त्या नियमाने मी परीक्षा दिली आणि आपटलो. वर्गात बसणाऱ्या पोराला मास्तर पहिल्याच चाचणीत सांगतो, बाबा, दुसरी बाजू राहिली. मला सांगायला कोण होतं? माझी चूक मला कळायला विद्यापीठाला अख्खं वर्ष लागलं, आणि तेव्हाही त्यांनी ती सांगितली नाहीच, फक्त आकडा पाठवला. हा माझा राग आजही खरा आहे. कुणी मिटवू नये.

पण त्या दिवशी मी चिडून म्हणालो, "मग सांगा तुमची बाजू."

"आत्ता? चहाच्या वेळी," मॅनेजर म्हणाले. "मी मालक. तू युनियन. दुसऱ्या दिवशी उलट. तू मालक व्हायचंस."

"मी? मालक?"

"घाबरलास?"

तिथून ते सुरू झालं. दुपारच्या चहाला आम्ही शेगडीच्या दोन बाजूंना बसायचो. विषय पुस्तकातला घ्यायचा, पण तो फिरून-फिरून हॉटेलावर यायचाच. पहिल्या दिवशी मॅनेजर मालक झाले आणि म्हणाले, "पावसाळाभर गिऱ्हाईक नाही. कायम केलेल्या माणसाला मी काय काम देऊ? ढग झाडायला लावू? गाद्या फिरवायला तू एकटा पुरतोस, आणि त्यातही निम्मा वेळ वाचतोस." मी म्हटलं, काम नाही हा माणसाचा दोष नाही. ते म्हणाले, मालकाचाही नाही, पावसाचा आहे. त्याच्यावर मोर्चा काढ.

दुसऱ्या दिवशी मी मालक झालो आणि अर्ध्या वाक्यात अडकलो. मालक म्हणून तोंडातून काही चांगलं निघेना. मॅनेजर ओरडले, "तू मालकाची नक्कल करतोयस! मिशा पिळतोयस! असा मालक कुठे असतो? आमचा मालक बघ, गरीब चेहऱ्याने बसतो, माझंच कसं नुकसान होतं ते सांगतो, आणि तुला त्याची कीव येते. कीव आली पाहिजे. तिथे गुण असतात."

हे मला अवघड गेलं, हे कबूल करायला मला लाज नाही. आठवडा गेला. मग एकदा मोठ्या उत्पादनाबद्दल बोलता बोलता मी म्हणालो, की आपण एका वेळी सगळ्या हॉटेलच्या चादरी एकाच धोब्याकडे देतो म्हणून धुलाई स्वस्त पडते, प्रत्येक खोलीने वेगळा धोबी ठेवला असता तर परवडलं नसतं. मॅनेजरनी मांडीवर थाप मारली. "हा! हा पहिला गुण! लिही!" मी लिहिला. आपण शत्रूच्या गोटात जाऊन भाकर खाऊन आलो असं वाटलं, पण भाकर चांगली होती.

आणि एक दिवस मॅनेजर युनियन झाले. विषय आमचाच, हंगामी माणसाला कायम करावं की नाही. मी मालक. मी गरीब चेहऱ्याने बसलो, नुकसान सांगितलं, चांगलं सांगितलं. त्यावर ते जे बोलले ते मी कुठल्या पत्रकात लिहू शकलो नसतो. म्हणाले, "मालक, काम नसतं हे खरं. पण काम नसताना माणूस तुमचाच असतो. दुसरीकडे गेला तर दिवाळीला तुम्हाला तो परत हवा असतो, आणि तो तुमच्या भरवशावर दुसरीकडे जात नाही. म्हणजे थांबणं हेसुद्धा त्याचं काम झालं की नाही? ते काम कुठे मोजता तुम्ही? दर दिवाळीला बोलावणं येईल की नाही ह्याची वाट बघायची, बायकोला सांगायचं येईल, येईल..."

त्यांनी शेगडीत कोळसा टाकला.

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"मला काय वेगळं आहे? मलाही दिवाळीला बोलावणं येतं. पावसाळ्यात वर राहतो ते दुरुस्तीच्या नावाखाली." मग छत्री उचलून उठले. "आज युनियन जिंकली. चहा निवला."

मी त्या माणसाला वर्षभर दलाल लिहीत होतो. लिहायला नको होतं असं मी म्हणत नाही. मालकाचं काम तो करत होताच. पण तोही आमच्याच रांगेत उभा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ते मला चळवळीने नाही, एफ.वाय.च्या अभ्यासाने सांगितलं.

मधे लावणीला मला कडावला जावं लागलं. आईने निरोप धाडला होता: हॉटेल बंद हाय तर तू काय गाद्यांचं लगीन लावतोयस का? गेलो. चिखलात वाकून रोपं लावता लावता मी मनातल्या मनात गुणदोष घोकायचो, पण मला हळू बोलता येत नाही, ही माझी जुनी खोड. आई दोन ओळी पलीकडून ओरडली, "गप ऱ्हा रं! रोपं भितात." मग जरा वेळाने तिनेच विचारलं, "काय बोलतोयस येवढं?"

"एका बाजूने बोलायचं, मग दुसऱ्या बाजूने."

"सोताशीच?"

"परीक्षेत तसंच विचारतात."

आईने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या बापाला दावूया का ही परीक्षा? त्याला येका बाजूनंबी बोलता येत नाय." सगळं शेत हसलं. वडील बांधावर बसून विडी ओढत होते, तेही हसले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आईचं सिद्धच झालं.

परत वर आलो तेव्हा मॅनेजर म्हणाले, "आलास? मला वाटलं, आता बोलायला कुणी नाही." मग चटकन, "गाद्या फिरव आधी."

ऑक्टोबरात केंद्र पनवेलला होतं. माथेरानहून चौककडे उतरणारी पायवाट पावसाने धुऊन टाकलेली, दगड सुटलेले. परीक्षेच्या दिवशी पहाटे उतरून एसटी पकडणं शक्य नव्हतं. मी म्हटलं एसटी स्टँडवर झोपेन. मॅनेजर म्हणाले, "स्टँडवर झोपून राज्यशास्त्र लिहिणार? माझ्या घरी राहा."

मी त्यांच्याकडे राहिलो. त्यांच्या घरात माझी पत्रकं सगळ्यांना माहीत होती, हे मला पहिल्याच जेवणाला कळलं. त्यांच्या बायकोने माझ्या ताटात तांदळाची भाकरी आणि मसूर वाढता वाढता अगदी सहज विचारलं, "दलालाच्या घरचं चालतं ना तुम्हांला?" मॅनेजर भाकरीत तोंड लपवून हसत होते. त्यांची म्हातारी आई कोपऱ्यातून म्हणाली, "खाऊ दे गं पोराला. उद्या पेपर हाय." त्या घरात मी पोटभर जेवलो आणि पोटभर टोमणे खाल्ले, आणि दोन्ही मला मानवलं.

राज्यशास्त्र चांगलं गेलं. पक्षपद्धतीचे गुणदोष आले होते. दोन्ही सारखे लिहिले. मीच मला ओळखलं नाही.

मग अर्थशास्त्र. बहिःस्थांची बाकं व्हरांड्यात टाकली होती, ऊन सरकेल तसं आम्हीही सरकायचं. प्रश्नपत्रिका उघडली. मोठा प्रश्न: हंगामी बेरोजगारी म्हणजे काय ते सांगून, हंगामी कामगारांना वर्षभर रोजगाराची हमी देण्याच्या बाजूचे व विरुद्धचे मुद्दे मांडा.

मी क्षणभर डोळे मिटले. हा प्रश्न माझ्यासाठीच आला होता. आमच्या शेगडीपाशी बसून कुणीतरी काढला होता.

आणि मी काय केलं? विरुद्धचे मुद्दे आधी घेतले. कारण ते मला अवघड जायचे, आधी ते उरकावेत असं वाटलं. पण हात चालायला लागला आणि थांबेना. पाऊस, गिऱ्हाईक नसणं, कौलं, बुरशी, एका हंगामाच्या मिळकतीवर वर्ष काढणारा छोटा मालक, गरीब चेहरा, कीव, सगळं आलं. मला मॅनेजरचा आवाज ऐकू येत होता. मी मालक झालो होतो. इतका सुंदर मालक मी कधी झालो नव्हतो. पानामागून पान. मग मान वर केली तर पर्यवेक्षक वेळ संपत आल्याचं सांगत होते.

माझी बाजू राहिली होती. माझी! जिच्यासाठी मी हे सगळं करत होतो ती. मी घाईघाईने लिहिलं: माणूस काम नसतानाही मालकासाठी थांबून राहतो, थांबणं हेही काम आहे, ते मोजलं पाहिजे. तेवढ्यात उत्तरपत्रिका ओढून नेली. बाकीच्या दोन प्रश्नांची तर मी सुरुवातीलाच नुसती शेपटं उरकली होती, मोठ्या प्रश्नाकडे धाव घ्यायची म्हणून.

परत चौकला आलो. मॅनेजर ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या बाजूची पानंच्या पानं आणि तुझ्या तीन ओळी?"

"तीनच."

"आणि त्या तीन ओळीही माझ्याच!"

मग आम्ही दोघंही हसलो. पण रात्री जेवताना कुणी टोमणा मारला नाही, आणि त्यावरून मला कळलं की त्यांनाही धास्ती वाटतेय.

दिवाळीला हॉटेल उघडलं. गाद्या खोल्यांत गेल्या. आचारी आला, पुन्हा नवा नोकर झाला, आणि म्हणाला, "दोगंबी जित्ते हायत की!" निकाल लागायचा होता. मला नुसतं बसवत नव्हतं, म्हणून मी आमच्या मागणीचं पत्रक लिहिलं. ह्या वेळी पहिल्या अर्ध्यात मालकाचं म्हणणं, नीट, त्याच्याच शब्दांत, मिशा न पिळता. मग प्रत्येक मुद्द्याला उत्तर. आणि एक वाक्य: ह्या हॉटेलात वरपासून खालपर्यंत एकही माणूस कायम नाही.

छापखान्यातला कार्यकर्ता वाचून लाल झाला. "हे काय रं? मालकाचं वकीलपत्र घेतलंस का? शिकून वाया गेलास!"

"पुढे वाच," मी म्हटलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. खिळे जुळवायला घेतले. जुळवता जुळवता म्हणाला, "माझा नियम मोडलास."

"मोडला."

"येवढ्यापुरता मोडला असं समज," तो म्हणाला, पण छपाईत एक अक्षर चुकू दिलं नाही.

मॅनेजरनी ते पत्रक ऑफिसात उभ्यानेच वाचलं. 'वरपासून' ह्या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. माझ्याकडे बघितलं. "मालक येतील तेव्हा हे माझ्या टेबलावर असलेलं बरं," म्हणाले आणि पेपरवेटखाली ठेवलं. मालक आले, त्यांनी वाचलं, आणि विचार करतो म्हणाले. मालकांना विचार करायला भरपूर वेळ लागतो. पण नंतरच्या जूनमध्ये आचाऱ्याला कमी केलं नाही. रजेवर पाठवला. दिवाळीला तो जुना म्हणून आला. एकटाच. बाकीच्यांचं भांडण अजून चालू आहे.

निकाल त्याच्या आधीच लागला. नाताळची गर्दी होती. मी गरम पाण्याच्या दोन बादल्या घेऊन जिना चढत होतो. शनिवार होता, मॅनेजर घरून वर आले होते, धापा टाकत. त्यांच्या भाच्याने पनवेलला फलकावर माझा नंबर आणि गुण बघितले होते.

"पुढारी! बादल्या ठेव खाली."

ठेवल्या.

"राज्यशास्त्र चांगलं सुटलं." त्यांनी श्वास घेतला, मुद्दाम लांबवून. "अर्थशास्त्र काठावर."

"काठावर म्हणजे आत की बाहेर?"

"आत रे बाबा, आत! बाहेरचा तू, पण आत!"

एका खोलीतून गिऱ्हाईक ओरडलं की पाणी कुठे आहे. मॅनेजरनी एक बादली उचलली, दुसरी मी. दोघं वर गेलो. जिन्यात ते म्हणाले, "काठावर का पडलास माहितेय ना? माझी बाजू लई लिहिलीस म्हणून."

"तुमच्याच बाजूने पास झालो."

"मग पुढच्या वर्षी काय काय विषय आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी खोलीचं दार ठोठावलं, बादली ठेवली आणि वळून म्हणाले, "एप्रिलात रजा लागेल ना? ती आत्ताच सांगून ठेव. मग मी तुझ्याविरुद्ध भांडणार, तू माझ्याविरुद्ध. पावसाळ्याला अजून वेळ आहे, तोवर सराव होईल."